पुस्तक कशासाठी पाहिजे?

कुठल्याही लायब्ररीच्या देवघेव वहीत पाच रकाने असतात: तारीख, नाव, पुस्तक, दाखल क्रमांक, सही. विरार पूर्वेला, जीवदानीचा डोंगर खिडकीतून दिसतो अशा एका आर्किटेक्चर कॉलेजात मात्र सहावा रकाना आहे. तो तिथले ग्रंथपाल आप्पा यांनी फूटपट्टी लावून लाल शाईनं स्वतः आखला. वर शीर्षक दिलं, ‘कशासाठी?’

रकान्यात खरं काय ते लिहायचं, एवढाच नियम. त्यामुळे गेल्या पावसाळ्यातलं कुठलंही पान उघडलं की अशा नोंदी सापडतात: ‘झेरॉक्स’, ‘फोटो काढायला’, ‘ज्युरीच्या वेळी टेबलावर ठेवायला’, ‘मॉडेल चिकटेपर्यंत वजन’, ‘वजन’, ‘वजन’, ‘उशी’. बॅनिस्टर फ्लेचर यांचा वास्तुकलेचा इतिहास १८९६ साली पहिल्यांदा छापला गेला आणि जगभरच्या आर्किटेक्टांच्या पिढ्या त्याच्यावर वाढल्या. आमच्याकडे तो फेविकॉल सुकेपर्यंत माउंट बोर्डाच्या भिंती दाबून धरतो. आप्पांची याला हरकत नाही. हरकत आहे ती खोट्या नोंदीला. एका मुलानं फ्लेचर वजनासाठी नेला आणि रकान्यात ‘अभ्यास’ असं लिहिलं. पुस्तक परत आलं तेव्हा पुठ्ठ्यावर फेविकॉलचा पांढरा चौकोन होता. आप्पांनी ‘अभ्यास’वर रेघ मारली, पुढे ‘वजन’ लिहिलं, खाली सही केली आणि मुलाला समोर बसवलं.

“उद्या पन्नास वर्षांनी कोणीतरी ही वही वाचणार. त्याला वाटणार, विरारची पोरं फ्लेचर वाचत होती. इतिहास बिघडतो रे अशानं.”

मी त्या कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवायला जातो, त्यामुळे तो चौकोन मला जरा लागला. आप्पांना लागला नाही. त्यांनी या व्यवसायात त्याहून वाईट पाहिलेलं आहे.

आप्पा मूळचे आगाशीचे. आर्किटेक्चर कॉलेजात येण्याआधी वसई तालुक्यातल्या एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात होते. १९६७च्या कायद्याखालच्या नियमांनी महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावले, आणि त्या वर्गावर सरकारी अनुदान ठरतं. आप्पा माणसांनाही हेच वर्ग लावतात. तिथले त्यांचे वाचक म्हणजे पेन्शनीतले शिक्षक, दुपारी कामं आटोपून येणाऱ्या बायका आणि दिवाळी अंकांसाठी नंबर लावणारे बँकवाले. ही मंडळी पुस्तक न्यायची, वाचायची आणि परत आणून भांडायची. ‘शेवट बरोबर नाही,’ ‘नायिकेला उगाच मारलं,’ ‘दुसरा भाग का नाही मागवला?’ हे सगळं आप्पांच्या टेबलासमोर चालायचं. आप्पांच्या मते वाचन म्हणजे हेच. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायला हवं आणि शेवटाला काहीतरी व्हायला हवं.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, “सर, ते हातानं लिहिलेलं पुस्तक आहे का?” आप्पांना वाटलं, पोरगी हस्तलिखित मागते आहे, म्हणजे कॉलेज फारच पुढे गेलेलं दिसतं. तिला हवं होतं फ्रान्सिस चिंग यांचं आकार, अवकाश आणि रचना यांच्यावरचं १९७९ सालचं पुस्तक. त्यातली चित्रं आणि मजकूर दोन्ही चिंग यांनी हातानं काढलेले. आप्पांनी ते रात्री घरी नेलं, सगळं वाचलं आणि सकाळी निकाल दिला: “अक्षर सुंदर. गोष्ट नाही.”

तेव्हापासून ते लायब्ररीतली पुस्तकं ओळीनं वाचत सुटले आहेत. प्राध्यापक संदर्भापुरतं वाचतात, विद्यार्थी चित्रापुरतं बघतात, आणि संस्थेचे विश्वस्त तपासणीच्या आदल्या दिवशी किती आहेत ते मोजतात. सगळं वाचणारा माणूस एकच, आणि त्याच्याकडे आर्किटेक्चरची पदवी नाही. हे मी कॉलेजच्या सभेत एकदा बोललो. इतिवृत्तात ते आलं नाही.

लायब्ररीच्या दाराशी एक हिरवा फळा आहे. मुळात तो ‘नवीन आगमन’ लिहिण्यासाठी होता. पण नवीन आगमन वर्षातून दोनदा होतं आणि फळा रोज पुसावा लागतो, म्हणून आप्पांनी त्याच्यावर लायब्ररीची बातमीदारी सुरू केली. सकाळी दहा वाजता खडू चालतो. कँटीनकडे जाणारी पोरं तिथं थांबतात. मोबाइलवरच्या बातम्या न वाचणारी मुलं हा फळा मात्र वाचतात, कारण त्यात त्यांचीच नावं न घेता त्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं. काही मासले मी वहीत उतरवून ठेवले आहेत.

‘न्यूफर्ट परतले. सात महिने अज्ञातवासात होते. मुखपृष्ठ सैल, पानं जिवंत. भेटण्याची वेळ १० ते ४.’

‘शोकवार्ता: टाइम सेव्हर स्टँडर्ड्समधलं एक पान ब्लेडनं कापलेलं आढळलं. त्यावर शौचालयांची मापं होती. नेणाऱ्याची नड समजू शकते, पद्धत नाही.’

‘लॉरी बेकर तिसऱ्या वर्षात फिरत आहेत. ज्याच्याकडे आहेत तो काल कँटीनमध्ये समोसा खाताना दिसला. आम्ही त्याला समोसा संपवू दिला.’

‘कालचे वाचक ४६. पैकी जागे २९.’

ही शेवटची बातमी सबमिशनच्या दिवसांतली. आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो, आणि त्यातली निदान दीड वर्षं मुलं रात्री जागून काढतात असा माझा अंदाज आहे. शीट, मॉडेल, प्लॉटरवाल्याच्या दुकानापुढची रांग, पहाटे विरार स्टेशनवरचा चहा. मग सकाळी गार हवा आणि लांब टेबलं असलेली कॉलेजात एकच जागा उरते. आप्पांनी झोपणाऱ्यांना हाकललं नाही. त्यांची व्यवस्था लावली. जर्नल्सच्या बांधीव खंडांची मागची रांग झोपेसाठी. संदर्भ ग्रंथावर डोकं ठेवायचं नाही, कारण संदर्भ ग्रंथ घरी नेता येत नाही आणि झोपेत माणूस घरीच गेलेला असतो, असा त्यांचा युक्तिवाद. उठवण्याची वेळ चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवली की आप्पा बरोबर त्या मिनिटाला खांद्यावर टिचकी मारतात. ज्युरी, म्हणजे कामाची तोंडी परीक्षा, चुकून नापास होता होता वाचलेली अर्धा डझन मुलं आज आर्किटेक्ट आहेत आणि त्याचं श्रेय बॅनिस्टर फ्लेचर यांना नाही.

आता ज्या प्रकरणामुळे आप्पा कॉलेजभर गाजले ते सांगतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजमाप-चित्रं काढायला शिकवतात. टेप घ्यायचा, खोली मोजायची, प्रमाणात काढायची. त्या वर्षी लायब्ररी मोजायला दिली होती. साठ मुलांनी साठ प्लॅन, साठ सेक्शन काढले, आणि प्रत्येक सेक्शनमध्ये टेबलामागे प्रमाण कळावं म्हणून एक माणूस उभा केला. चित्रं भिंतीवर लागली तेव्हा आप्पा चष्मा पुसत एकेक बघत गेले. मग म्हणाले, “हा कोण?”

“सर, तुम्ही.”

“मी पाच फूट दोन इंच. हा पावणेसहा फूट दिसतोय.”

मुलांनी न्यूफर्टकडे बोट दाखवलं. अर्न्स्ट न्यूफर्ट या जर्मन आर्किटेक्टनं १९३६ साली मापांचं पुस्तक काढलं. पलंग केवढा, जिना किती चढा, दोन खुर्च्यांमधून माणूस निघायला जागा किती, गाईचा गोठा केवढा, सगळं त्यात आहे. त्यातला माणूस पावणेदोन मीटर उंच. आप्पांनी न्यूफर्ट नेलं आणि आठवडाभरात संपवलं. त्यांना ते फार आवडलं. चिंगपेक्षा सरस, कारण यात माणूस निदान झोपतो, जेवतो, आंघोळ करतो. फक्त उभ्या माणसाला किती जागा लागते ते पान वाचून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, हा गृहस्थ सकाळी विरार फास्टला चढला असता तर पुस्तक एवढं जाड झालं नसतं.”

पण पावणेदोन मीटरचं शल्य गेलं नव्हतं. माणसाचं माप ठरवलं कुणी, हे शोधत ते कॉर्बुझिएपर्यंत पोचले. ल कॉर्बुझिए यांनी माणसाच्या शरीरावरून मापांची एक पद्धत बसवली, तिचं नाव मॉड्युलॉर. आधी त्यांनीही उंची पावणेदोन मीटरच धरली होती. आकडे काही सुबक जमेनात. तेव्हा त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, की इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, म्हणजे उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फूट उंच असतात. तर सहा फूट धरू या. सहा फूट म्हणजे १.८३ मीटर. धरले, आणि सगळे आकडे फुटा-इंचात बिनबोभाट बसले. ही गोष्ट खुद्द कॉर्बुझिए यांनी आपल्या पुस्तकात सांगितली आहे. मॉड्युलॉरचा माणूस हात वर करून उभा राहतो तेव्हा २.२६ मीटर भरतो, आणि त्या हिशोबानं मार्सेच्या वसाहतीपासून चंदीगडपर्यंत इमारती उभ्या राहिल्या.

वीस वर्षं मी मॉड्युलॉर शिकवतोय. सुवर्ण गुणोत्तर सांगतो, फिबोनाची सांगतो. पोलिसाचा उल्लेख ‘एक गमतीदार किस्सा’ म्हणून जाता जाता करायचो. आप्पांच्या हाती तो लागला आणि त्यांना चक्क देव भेटला. हे सगळे थोर लोक, ज्यांची पुस्तकं गोष्टीवाचून कोरडी, त्यांचं मूळ शेवटी डिटेक्टिव्ह कादंबरीत निघालं! आणि डिटेक्टिव्ह कादंबरी ही आप्पांची घरची जहागीर. ‘ब’ वर्ग वाचनालयात त्यांनी ज्यांची पुस्तकं हातांनी शिवून शिवून जगवली ते बाबूराव अर्नाळकर, हजारावर रहस्यकथा लिहिणारे, ज्यांच्या टोपणनावातच आमचा अर्नाळा आहे. झुंजार आणि काळा पहाड या मंडळींना आप्पा आतेभावांसारखे ओळखतात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत: ‘कॉर्बुझिए यांच्या कचेरीत डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची चर्चा होत असे. आपल्याकडे?’

खाली बारीक अक्षरांत एक तांत्रिक शंका होती: इंग्रज पोलिसाऐवजी काळा पहाड धरला असता तर चंदीगडची छतं किती उंच झाली असती? तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं हा प्रश्न मनावर घेतला. त्यानं काळा पहाड साडेसहा फूट धरून सगळी मॉड्युलॉर मालिका नव्यानं काढली, दाराची चौकट आखली, पायरीची उंची काढली आणि फळ्याशेजारी चिकटवली. माझ्या विषयात त्या मुलानं त्याआधी असं काहीही केलं नव्हतं. मी त्याला त्याचे गुण दिले. आप्पांनी लगेच अर्नाळकरांचे पंचवीस अंक खरेदीच्या यादीत घातले, आणि कारणाच्या जागी लिहिलं: ‘मानवी प्रमाणे, संदर्भ’. यादी प्राचार्यांकडून परत आली तेव्हा त्या ओळीवर प्रश्नचिन्ह होतं. शेवटी आप्पांनी आपल्या घरचे अंक आणून ठेवले.

वर्गीकरण हा आप्पांचा दुसरा प्रांत. ड्यूई दशांश पद्धतीत वास्तुकला ७२० वर येते. ७२६ म्हणजे देवळं आणि चर्चे, ७२८ म्हणजे राहती घरं, ६९० म्हणजे बांधकाम. आप्पा या आकड्यांतच बोलतात. विरारबद्दल त्यांचं एक वाक्य आहे: “७२८ वर ७२८ चढलंय, आणि मधे ७१२ ला जागा नाही.” ७१२ म्हणजे बागा. रेल्वे ३८५ मध्ये असते, पण विरार लोकलला त्यांनी ३५५ दिला आहे. तो युद्धशास्त्राचा आकडा.

या आकड्यांवरून एकदा चांगलीच जुंपली. संस्थेच्या एका हितचिंतकानं वास्तुशास्त्रावरच्या पुस्तकांचा मोठा संच भेट दिला: कुठल्या दिशेला चूल, कुठल्या दिशेला तिजोरी, ईशान्येला शौचालय आलं तर काय काय होतं. देणगीदाराची इच्छा अशी, की ही पुस्तकं दर्शनी कपाटात, ७२० मध्ये लागावीत. आप्पांनी ती १३३ मध्ये लावली. ड्यूईनं १३३ हा आकडा भुतंखेतं, ज्योतिष आणि तत्सम विद्यांना दिलेला आहे. बोलावणं आलं. आप्पा ड्यूईचा खंड काखेत घेऊनच गेले. “पुस्तक कुठं लावायचं ते देणारा ठरवत नाही, ते पुस्तकात काय आहे त्यावर ठरतं,” असं सांगून परत आले. संच आजही १३३ मध्येच आहे. आणि सांगायला हरकत नाही, लायब्ररीतला सगळ्यात जास्त फिरणारा संच तोच आहे. विद्यार्थी नेत नाहीत, प्राध्यापक नेतात. सहाव्या रकान्यात ते ‘क्लायंटसाठी’ असं लिहितात. आप्पा तिथं काही खोडत नाहीत, पण चष्म्यावरून बघतात.

आप्पांचं आप्पा हे नाव त्यांच्या घरचं नाही. ते वसईच्या किल्ल्यात पडलं. दर वर्षी दुसऱ्या वर्षाची मुलं किल्ल्यात मोजमाप करायला जातात. पोर्तुगीजांना १५३४च्या तहानं वसई मिळाली आणि पुढं दोनशे वर्षं त्यांनी तिथं दगडात एक पूर्ण शहर बांधलं. तटाच्या आत चर्चे, मठ, इस्पितळं, न्यायालय. आज छपरं नाहीत, पण भिंती आणि कमानी आहेत, त्यामुळे सेक्शन शिकायला याच्याहून चांगली जागा मुंबईच्या आसपास नाही. निम्मा सेक्शन काळानंच कापून ठेवलेला. एका वर्षी चार मुलांकडे सहा पुस्तकं थकली होती. त्यातली तीन मुलं किल्ल्याच्या सहलीवर आहेत हे कळताच आप्पा रजा टाकून, बस धरून, थेट किल्ल्यात हजर झाले. प्री-वेडिंगचे तीन फोटोग्राफर, दोन नवऱ्यामुली आणि एक ड्रोन ओलांडून त्यांनी तटावर चढून एकेकाला गाठलं. दोन पुस्तकं बॅगेतच निघाली, तिसऱ्यासाठी मुलाच्या घरी, पापडीला, त्याच संध्याकाळी जाऊन आले.

वसईत एक गोष्ट सांगतात. १७३९ साली वेढा लांबला तेव्हा चिमाजी आप्पा म्हणाले होते म्हणे, की मला तोफेला बांधून उडवा, निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात पडू द्या. मे महिन्यात किल्ला पडला. तटावर धापा टाकणाऱ्या ग्रंथपालाकडे बघून कोणीतरी कुजबुजलं, “आप्पा आले,” आणि नाव चिकटलं ते कायमचं. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. त्यांना ते आवडतं, हे मी त्यांच्या परवानगीशिवाय सांगतो आहे.

त्या दिवशी किल्ल्यात ते आमच्याबरोबर दुपारपर्यंत थांबले. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत थडग्यांच्या कोरीव शिळा बसवलेल्या आहेत. मुलं कमानीचा गाळा मोजत होती; आप्पा वाकून शिळा बघत होते. नाव, तारीख, कोण कुठला. “नोंदी व्यवस्थित ठेवल्यात,” असं समाधानानं म्हणाले. मग मी घंटांची गोष्ट सांगितली. वसई पडल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरची, वाईजवळच्या मेणवलीचीही. मुलांना मी हे जरा भारावून सांगतो. आप्पा मात्र गंभीर झाले.

“म्हणजे इथून बाहेर गेल्या.”

“हो.”

“नोंद?”

“नसावी.”

आप्पांनी खिशातून पेन काढलं. रोज एक रुपया या आमच्या दरानं १७३९ पासून आजपर्यंत एका घंटेचा दंड लाखाच्या वर जातो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना बसमध्ये बराच वेळ ते काहीतरी पुटपुटत होते, मी कान दिला तर म्हणाले, “लाख रुपये एका घंटेचे. आणि इथं एकवीस रुपये झाले तर पालक फोन करतात.”

किल्ल्यावरच्या पुस्तकांसाठीही त्यांना आकडा सापडत नाही, आणि ही अडचण खरी आहे. तटबंदी म्हणून बघितलं तर ६२३.१, चर्चे म्हणून बघितलं तर ७२६, महाराष्ट्राचा इतिहास म्हणून ९५४.७९२. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या इतिहासावर आणि अवशेषांवर पुस्तक लिहिलं. त्याची पुनर्मुद्रित प्रत आमच्याकडे आहे. ती तिन्ही कपाटांत फिरून शेवटी आप्पांच्या टेबलावर राहिली. मागायला आलात तर आधी दोन प्रश्न विचारतात. वसईतलीच मुलगी असली तर एकच विचारतात.

लायब्ररी स्वतः कशी आहे ते सांगायचं राहिलंच. आर्किटेक्चर शिकवणाऱ्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. संध्याकाळचं ऊन थेट पुस्तकांच्या पाठींवर पडतं, त्यामुळे ७२६ मधली देवळं सगळी फिकट झाली आहेत. पावसाळ्यात छत गळतं. गळतं त्या जागी ठेवलेल्या बादलीवर आप्पांनी लायब्ररीचा शिक्का मारला आहे आणि दाखल क्रमांक घातला आहे, कारण ती एकदा कँटीनवाल्यानं नेली होती. फळ्यावर हवामानाचं सदर चालतं: ‘आज ७१२ ते ७२० मधल्या वाचकांनी डोकं सांभाळावं.’

व्यवस्थापनाला मागच्या वर्षी आणखी आठ कपाटं वर चढवायची होती, तपासणी जवळ आली होती म्हणून. आप्पांनी भारतीय मानक ८७५चा दुसरा भाग काढला. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरतात. पुस्तकांच्या स्टॅकला निदान ६, आणि कपाट उंच असेल तर त्याहून जास्त. “राहत्या खोलीच्या तिप्पट,” ते म्हणाले. “हा मजला वर्गखोलीसाठी काढलेला आहे. कपाटं खाली नेतो, नाहीतर आपण सगळे खाली जाऊ.” खोलीत चार आर्किटेक्ट आणि एक स्ट्रक्चरल इंजिनियर बसले होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. कपाटं तळमजल्यावर गेली.

सणवारांत आप्पांचा मोठा दिवस म्हणजे १२ ऑगस्ट, एस. आर. रंगनाथन यांची जयंती. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ते करतात, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारचा जागतिक वास्तुकला दिनही करतात, पण त्यात जीव नसतो. रंगनाथन हे गणिताचे शिक्षक. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले, आणि तिथं एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ बघून त्यांना वर्गीकरणाची कल्पना सुचली: पट्ट्या आणि नट-बोल्ट तेच, जोडणी वेगवेगळी. त्यातून १९३३ साली कोलन वर्गीकरण निघालं. आप्पा हे सांगतात तेव्हा मुलांच्या डोळ्यांत खरोखर काहीतरी हलतं, कारण हे असं मॉडेल बघून सुचणं त्यांच्या ओळखीचं आहे. त्याच दिवशी आप्पा आर्किटेक्ट दोशींची आठवण काढतात, पुण्यात जन्मलेले, २०१८ साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय; आणि अच्युत कानविंद्यांची, आचऱ्याचे, हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकले आणि आयआयटी कानपूर बांधून गेले. “कोकणातला माणूस,” ते जोर देऊन सांगतात, जणू ग्रोपियसवर उपकार झाले.

रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ सालचे. पहिला: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. यावर आप्पांचं अजून पुरतं समाधान झालेलं नाही. “वजन हासुद्धा वापरच, नाही का?” असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं.

१२ ऑगस्टपासून आठवडाभर दंडमाफी असते. थकलेलं पुस्तक आणणाऱ्याला दंड नाही, वर आगाशीची सुकेळी मिळते; राजेळी केळी सुकवून केलेली, आप्पांच्या घरची, केळीच्या पानात बांधलेली. हिशोबाच्या दृष्टीनं हे वाईट आहे, कारण वेळेवर आणणाऱ्यांना काहीच मिळत नाही, आणि सुकेळीसाठी पुस्तकं मुद्दाम थकवणारा एक वर्ग तयार झाला आहे. आप्पांना ते माहीत आहे. ते म्हणतात, पुस्तक येतंय ना.

तर वाचकहो, वसई, नालासोपारा, विरार आणि नायगाव या टापूत बरीच आर्किटेक्ट मंडळी आता स्वतःच्या ऑफिसात बसतात. आपल्या माळ्यावर, प्लॉटरच्या मागे किंवा टेबलाच्या एका तुटक्या पायाखाली एखादं जाड पुस्तक असेल आणि त्याच्या पाठीवरची आकड्यांची चिठ्ठी खरवडलेली असेल, तर उघडून बघा. पहिल्या पानावरचा शिक्का पुसला असला तरी आप्पांनी आत एका गुप्त पानावर दुसरा मारलेला असतो. पुस्तक रविवार सोडून कुठल्याही दिवशी दहा ते चारच्या दरम्यान आणून द्या. ऑगस्टची वाट बघू नका. तुमचा दंड मी भरतो. फक्त शौचालयांच्या मापांचं ते पान कुणाकडे असेल तर तेही आणा, दुसऱ्या वर्षाचं सबमिशन तोंडावर आलं आहे.